चार बाटल्यांचा पुठ्ठ्याचा कॅरियर करून घेतला, वागळे इस्टेटमधल्या बॉक्सवाल्या काकांचा अनुभव

"ताई, बाटली भरून आणा आणि झाकण लावून आणा. रिकामी आणलीत तर मला काहीच सांगता येणार नाही." ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले बॉक्सवाले काका फोनवर माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. त्याआधी मी तिघांकडे जाऊन आले होते, दोन ठाण्यातले आणि एक रबाळे एमआयडीसीतला, आणि तिघांचाही पहिला प्रश्न एकच, क्वांटिटी किती? बाटलीत काय भरता, ती कोण उचलणार, कुठपर्यंत नेणार, कोणी विचारलंच नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण घरून सरबतं, मध, घाण्याचं तेल, काढे असं काय काय विकणाऱ्या आपल्याकडे खूप जणी आहेत आणि बाटल्या एकत्र बांधून गिऱ्हाईकाच्या हातात द्यायच्या कशा, इथे सगळ्या अडतात.

आधी आमचं थोडक्यात. मी आणि माझी जाऊ, आम्ही कोलबाडला राहतो, गेली सहा वर्षं अमृत कोकम, आवळा आणि आलं-लिंबू अशी तीन सरबतं करतो. मे महिन्यात कुडाळहून मावशी रातांबे पाठवते, ते फोडून साखरेत घालून बरणी उन्हात ठेवायची, तेच आमचं अमृत कोकम. रंग घालत नाही, प्लास्टिकच्या बाटलीत भरत नाही, ५०० मिलीची काचेची बाटली, पत्र्याचं झाकण. चार बाटल्यांचा सेट ६०० रुपयांना. एवढं सगळं मनापासून करायचं आणि शेवटी त्या चार बाटल्यांना प्लास्टिकची श्रिंक फिल्म गुंडाळून हीट गन मारायची, हे मला पहिल्या वर्षापासून खटकत होतं. आपल्या राज्यात जून २०१८ पासून प्लास्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर सिंगल यूजच्या बऱ्याच वस्तू बंद झाल्या, ठाण्यातली गिऱ्हाइकं पिशवी घरून आणायला शिकली, आणि मी मात्र त्यांच्या कापडी पिशवीत श्रिंकचा गठ्ठा ठेवत होते. श्रिंक त्या बंदीच्या यादीत नाही हे मला माहीत आहे, पण घरी गेल्या गेल्या कात्रीने कापून ती कचऱ्यातच जाते ना.

खरं कारण मात्र पाडव्याचं आहे. स्वागतयात्रेच्या दिवशी आमचा गावदेवीजवळ छोटा स्टॉल होता, एका काकूंनी सेट घेतला, श्रिंकला पकडायला काही नसतं म्हणून छातीशी धरून निघाल्या आणि राम मारुती रोडवर पोचेपर्यंत फिल्म एका बाजूने फाटून एक बाटली खाली. नव्या नऊवारीवर कोकम. त्या काहीच बोलल्या नाहीत, उलट मलाच म्हणाल्या राहू दे गं, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. गेल्या उन्हाळ्यात ३१० सेट गेले त्यात २२ बाटल्या फुटल्या होत्या, काही हातातून, काही कुरियरमध्ये. वहीत लिहिलंय सगळं.

तर काकांकडे गेले. युनिट लहान आहे, एक पंचिंग मशीन, एक पेस्टिंगचं टेबल, भिंतीला टेकवलेल्या पुठ्ठा कापायच्या डाय, म्हणजे प्लायवूडच्या फळीत स्टीलच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात त्या. काकांनी बाटली घेतली, पहिल्यांदा काट्यावर ठेवली. ९४० ग्रॅम. ५०० मिली म्हणजे अर्धा किलो आणि वर काच असंच मी धरून चालले होते, पण साखरेचा पाक पाण्यापेक्षा चांगलाच जड असतो, काचेची बाटली रिकामीच तीनशे ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे चार बाटल्या म्हणजे पावणेचार किलोच्या वर. सहाचा सेट केला तर साडेपाच किलोच्या पुढे. "सहाचा करू नका," काका म्हणाले, "साठीच्या बाईला एका हातात साडेपाच किलो पुठ्ठ्याच्या कडीने उचलायला लावू नये, बोटं कापतात." मी सहाचाच विचार करून गेले होते कारण बाहेर सगळीकडे सिक्स पॅकच दिसतो. कोका-कोलाने सहा बाटल्यांचा पुठ्ठ्याचा कॅरियर १९२३ मध्ये आणला, शंभर वर्षं झाली, आणि तेव्हापासून सहा हा आकडा लोकांच्या डोक्यात बसलाय. पण आपल्या बाटलीचं वजन वेगळं, आपलं गिऱ्हाईक वेगळं, ते लोकलने जाणार, जिना चढणार. हे मला त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत पटवून दिलं आणि स्वतःची मोठी ऑर्डर लहान करून घेतली, याला मी मानते.

मी मोबाईलवर बरंच काय काय शोधून नेलं होतं. कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीने २०१८ मध्ये कॅन एकमेकांना गोंदाच्या ठिपक्यांनी चिकटवायला सुरुवात केली, वरची प्लास्टिकची रिंगच काढून टाकली, ते दाखवलं. फ्लोरिडातल्या एका छोट्या ब्रुअरीने बिअर करून उरलेल्या बार्ली-गव्हाच्या चोथ्यापासून रिंग केली होती, तीही दाखवली. काकांनी सगळं नीट बघितलं, झटकून टाकलं नाही. मग कॅन आणि बाटली यातला फरक सांगितला. ३३० मिलीचा कॅन साडेतीनशे ग्रॅमच्या आत बाहेर, अंगाने सरळ, एकमेकांना टेकले तरी काही होत नाही, फार तर पोचा येतो. काचेवर काच आपटली की तडा. म्हणजे कॅनला फक्त धरून ठेवायचं असतं आणि बाटलीला धरायचंही असतं आणि शेजारणीपासून लांबही ठेवायचं असतं. आणि मानेला अडकवणारा जो कॅरियर असतो, वरून पुठ्ठ्याची पट्टी आणि त्यात बाटल्यांच्या माना, तो सगळ्यात कमी पुठ्ठ्यात होतो, मला तोच हवा होता. पण तो पेट बाटलीला, म्हणजे प्लास्टिकच्या बाटलीला शोभतो कारण पेटच्या मानेला खाली एक कडं असतं ज्यावर पट्टी अडते. आमच्या बाटलीच्या मानेला तसं कडं नाही, सगळा भार पत्र्याच्या झाकणाच्या खालच्या कडेवर येणार, आणि झाकण जरा हललं की सील गेलं. ऐकून वाईट वाटलं पण मुद्दा बरोबर होता.

उसाच्या चिपाडाचा मोल्डेड ट्रे पण विचारला. आपल्या महाराष्ट्रात चिपाडाला काय तोटा. पण त्याला धातूचा मोल्ड लागतो, आमच्यासारख्यांच्या हजार-दोन हजार नगांत तो खर्च निघत नाही. मग कापडी पिशवी, आत चार कप्पे शिवलेली. ती आम्ही कळव्याच्या बचत गटाकडून वर्षभर करून घेतलीये, ७० रुपयांना एक, फार सुंदर शिवायच्या त्या बायका, पण ६०० च्या सेटवर ७० घालून परवडत नाही आणि पिशवी परत आणली तर पैसे परत असं ठेवलं तरी दहातल्या दोनच परत यायच्या. लोक ती पिशवी घरात वापरतात, चांगलंच आहे, पण आमचं गणित बसेना. ज्यांचा माल महाग आहे, मध वगैरे, त्यांनी अजूनही पहिल्यांदा कापडी पिशवीच बघावी असं मी म्हणेन.

शेवटी ठरला टोपलीसारखा कॅरियर. मध्ये उभी भिंत, ती वर जाऊन तीच कडी होते, दोन्हीकडे दोन-दोन बाटल्या, आणि बाजूच्या भिंती फक्त अर्ध्या उंचीपर्यंत म्हणजे लेबल दिसतं आणि पुठ्ठाही वाचतो. पुठ्ठा तीन प्लायचा म्हणजे तीन थरांचा, ई-फ्लूट. पुठ्ठ्याच्या आत जी नागमोडी नळी असते तिच्या उंचीवरून ही नावं असतात, ए साधारण ५ मिलिमीटर, बी ३ च्या आसपास, आणि ई दीड मिलिमीटर. ई पातळ असल्यामुळे घडी सुबक बसते आणि तरी साध्या डुप्लेक्स बोर्डापेक्षा, म्हणजे नळी नसलेल्या सपाट पुठ्ठ्यापेक्षा, खूप ताठ राहतो. बाटल्यांमधले पडदे वेगळे लावायचे नाहीत, त्याच शीटमधून कापून आत वळवायचे. तळाला गोंद नाही, एकमेकांत अडकणारं लॉक. गोंद एकाच ठिकाणी, मधली भिंत जिथे दुहेरी होते तिथे. हे सगळं काकांनी कटर आणि पट्टी घेऊन माझ्यासमोर दीड तासात कापून जोडून दाखवलं, आणि त्या दीड तासाचा एक रुपया घेतला नाही.

पहिलं सॅम्पल फाटलं. तिथेच, त्यांच्या टेबलाजवळ, चार भरलेल्या बाटल्या घालून मी पाच-सहा झोके दिले आणि कडीच्या भोकाची दोन्ही टोकं टरकली. आणि इथे मला त्यांचं काम खरं कळलं कारण त्यांनी जाड पुठ्ठा काढला नाही. जाड पुठ्ठा घालणं हा सोपा उपाय, पैसेही जास्त मिळाले असते. त्यांनी तुकडा उजेडात धरला आणि म्हणाले नळ्या आडव्या गेल्यात, चूक माझी. मग समजावलं. कागदाचे तंतू एका दिशेला झोपलेले असतात, वर्तमानपत्र उभं सरळ फाटतं आणि आडवं वेडंवाकडं फाटतं ते त्यामुळेच. पुठ्ठ्यात वरच्या कागदाचे तंतू नळ्यांना आडवे असतात. नळ्या आडव्या ठेवल्या तर तंतू उभे आले, आणि कडीवर भार पडल्यावर फाट वर-खाली पळते ती तंतूंच्या बाजूबाजूने सुरसुर निघून जाते. नळ्या उभ्या ठेवल्या की तंतू आडवे, फाटीला तंतू तोडत जावं लागतं. शिवाय उभ्या नळ्यांवर वरून वजन जास्त पेलतं, म्हणजे सेट एकावर एक ठेवायला पण बरं. तोच पुठ्ठा, तेवढाच, फक्त फिरवला. त्याच्याबरोबर भोकाचे कोपरे गोल केले, टोकदार कोपरा असला की फाट तिथूनच सुरू होते, आणि भोकाचा तुकडा कापून टाकायच्या ऐवजी वरच्या बाजूने जोडलेलाच ठेवला, बोटं घातली की तो आत वळतो आणि वर गुंडाळला जातो, कड बोटांना लागत नाही. इतकी साधी गोष्ट. मी बाजारात इतके बॉक्स हाताळलेत पण हे कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या सॅम्पलला बाटल्या किणकिणत होत्या, पडदे बुटके होते, ते बाटलीच्या खांद्यापर्यंत वाढवले. तिसऱ्यात पडदे वाढवून वाढलेला पुठ्ठा बाजूच्या भिंतींतून कमी केला. वजन १४५ ग्रॅमवर गेलेलं ते ११० वर आणलं. चार बाटल्यांचा पावणेचार किलो भार, तो वाहणारा पुठ्ठा ११० ग्रॅम. चौथं सॅम्पल मी घरी आणून भरलेल्या बाटल्यांसकट दाराच्या हुकला दोन दिवस टांगून ठेवलं, सासूबाई येता-जाता त्याला धक्का देऊन बघत होत्या, टिकलं. मग सासूबाईंना ते घेऊन तीन मजले चढायला सांगितले, त्या म्हणाल्या बोटाला काही होत नाही पण पायरीला तळ आपटतो, कडी अजून थोडी खाली घे. एक सेंटिमीटर खाली घेतली. काकांनी हे ऐकून लगेच वहीत लिहून घेतलं, आता बाकीच्या कॅरियरलाही विचारात घेईन म्हणाले.

आता इको-फ्रेंडली या शब्दाबद्दल बोलते कारण यात फसवणूक फार चालते. आधीच्या तिघांपैकी एकाने मला खाकी रंगाचा, वर हिरवं पान छापलेला नमुना दिला होता आणि हे एकदम इको आहे मॅडम म्हणाला. मी तो आणि काकांचा नमुना असे दोन्ही आमच्या गल्लीतल्या रद्दीवाल्या दादांकडे नेले, पुठ्ठ्याच्या भावात घ्याल का विचारलं. दादांनी दोन्ही फाडले. काकांचा कर्रकन फाटला, तंतू दिसले. पान छापलेल्या नमुन्यातून कागद फाटला आणि वर पारदर्शक पापुद्रा तसाच ताणला गेला, चिंगमसारखा. "ये लॅमिनेशनवाला है, ये अलग फेकना पडता है." झालं, निकाल लागला. तेव्हापासून मी कोणालाही हेच सांगते, नमुना हातात आला की कोपरा फाडून बघा आणि रद्दीवाल्याला विचारा, रंग खाकी आहे की पांढरा याने काही ठरत नाही. काकांनी लॅमिनेशनला स्वतःहून नाही म्हटलं, वर पाण्यातलं वार्निश मारलं आणि छपाई एकाच रंगात.

पैशाचं सांगते. डायचे ५,२०० एकदाच, डाय आपल्या नावाने त्यांच्याकडे राहते. १,००० नगांना १७ रुपये ५० पैसे एक. पहिल्या खेपेला डाय धरून साडेबावीसच्या वर पडला, श्रिंक आम्हाला ३ रुपयांत पडायची, त्यामुळे जाऊ नाराज होती आणि तिचं बरोबर होतं. पण आत्तापर्यंत ६४० सेट गेले आणि फुटल्या ३ बाटल्या. त्यातल्या दोन कुरियरच्या, आणि कुरियरला हा कॅरियर बाहेरच्या पाच प्लायच्या खोक्याशिवाय पाठवायचा नसतो हे काकांनी सांगितलेलं असताना आम्ही एकदा घाईत तसाच पाठवला. एक फुटलेली बाटली म्हणजे १५० रुपये तर जातातच, पण त्यातले रातांबे, साखर, काच, बनवतानाचा गॅस सगळंच वाया जातं, त्यापुढे साडेसतरा रुपयांचा पुठ्ठा काहीच नाही. आम्ही सेटची किंमत १० रुपयांनी वाढवली, एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही.

आता त्रास झाला तोही लिहिते. ऑर्डर ११ दिवस उशिरा आली, मशीन बिघडलं होतं, पण फोन करून सांगायला हवं होतं, मीच रोज फोन करत बसले. मे महिना आमचा सगळ्यात मोठा महिना, ते ११ दिवस अंगावर आले. पहिल्या लॉटमधल्या दीडशेक नगांची लाल छपाई ओल्या हाताला लागत होती, तक्रार केल्यावर वाद न घालता बदलून दिले हे खरं, पण न्यायला-आणायला रिक्षा मीच केली. आणि १,००० च्या खाली करत नाहीत, नवीन सुरू करणाऱ्या ताईंना हे जड जाईल, दोघी-तिघींनी सारखीच बाटली वापरून मिळून डाय करावी आणि वरून फक्त वेगळं लेबल बांधावं, मी काकांना विचारलंय, त्यांची हरकत नाही.

आणि पावसाळा. ठाण्याचा पावसाळा म्हणजे पुठ्ठ्याची परीक्षाच असते. हवेत नव्वद टक्के ओलावा असला की पुठ्ठ्याचा जोर साधारण निम्म्यावर येतो, हे काकांनी आधीच सांगितलं होतं म्हणूनच त्यांनी कडीची भिंत दुहेरी ठेवली होती. तरी जुलैमध्ये खाटेखाली जमिनीवर ठेवलेल्या गठ्ठ्यातले खालचे तीसेक नग मऊ पडले, कडा वाकल्या. ती चूक आमची. आता लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब, वरून जुनी चादर. फ्रिजमधल्या गार बाटल्या घालून दिल्या तर त्यांना घाम सुटतो आणि तळ भिजतो, त्यासाठी तळाला चार लहान भोकं पाडून घेतलीत, पाणी साचत नाही, पण गार बाटल्यांचा सेट तासाभराच्या वर नेऊ नका असं आम्ही गिऱ्हाइकांना तोंडी सांगतो. भर पावसात छत्रीविना चालत जाणाऱ्याला मी अजूनही कापडी पिशवीच देते, पुठ्ठ्याला उगाच जबरदस्ती करण्यात अर्थ नाही.

पाडव्याच्या त्या नऊवारीवाल्या काकू जुलैत परत आल्या. त्यांना मी सेट दिला, पैसे घेणार नव्हते, त्यांनी बळेच दिले. कडीत बोटं घालून कॅरियर दोनदा वर-खाली केला, खालून तळ बघितला, आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी घेऊन जांभळी नाक्याच्या गर्दीत शिरल्या. मी दिसेनाशा होईपर्यंत बघत उभी होते.

जाणार असाल तर शुक्रवारी युनिट बंद असतं, सकाळी अकराच्या आधी जाऊ नका. बाटली भरलेलीच न्या आणि एक नको, चार न्या, काका चारही घालून हलवून बघतात. आणि तारीख लिहून घ्या त्यांच्याकडून, वर आठ-दहा दिवस आपले आपण धरून ठेवा.

आम्ही १,५०० ची दुसरी ऑर्डर दिलीये.